आठवडे मोजणारे गृहस्थ

लिलावाच्या पानावर जुन्या कॉम्प्युटरचे फोटो असतात. तुम्हाआम्हाला त्यात कॉम्प्युटर दिसतो, पारखीबुवांना आरोपी दिसतो. एखादा फोटो ते इतका मोठा करतात की पडद्यावर एकच चिप उरते. तिच्यावर चार आकडे : ७६३७. म्हणजे १९७६चा सदतिसावा आठवडा. सध्या कितवा आठवडा चालू आहे ते बुवांना विचारू नये. १९७६चे सगळे तोंडपाठ आहेत.

बुवा अमेरिकेत सापडतात, जर्मनीत सापडतात. दैवत एकच : ॲपल-१. स्टीव्ह वॉझ्नियॅकने रचलेला, १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकलेला, जेमतेम दोनशे नग निघालेला. ना पेटी, ना कीबोर्ड, ना पडदा, नुसता बोर्ड. २०१४मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात असाच एक बोर्ड हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलर मोजून नेला, आणि जगभरच्या माळ्यांवर झाडझूड सुरू झाली. प्रतिकृतीचे बोर्डही मिळतात, आणि बनवणारे ते प्रतिकृती म्हणूनच विकतात. पण दोन-तीन हात बदलेपर्यंत तो शब्द कुठेतरी गळून पडतो.

मग बुवा पत्रिका मांडतात. एकेका चिपचा आठवडा काढायचा आणि बोर्डाशी गुण जुळवायचे. एखादी चिप १९७९ची निघाली, की संशय. सगळ्याच्या सगळ्या जुळल्या, तर खात्रीच! कारण जुन्या चिपा बाजारात सुट्या मिळतात, लबाड माणूस त्या हुडकून बसवतो. खरा मालक बिचारा कॉम्प्युटर वापरायचा, तो बिघडायचा आणि हाताला लागेल ती चिप त्यात जायची. या न्यायाने बुवांच्या दरबारातून निर्दोष सुटणे कठीण.

स्वच्छतेचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. जुने प्लास्टिक पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवले की पुन्हा उजळते. असा गोरापान मॅकिंटॉश दिसला की बुवांचा पहिला प्रश्न, ‘याला काय लावलंय?’ दुसरा प्रश्न अनुक्रमांकाचा. १९८४च्या मॅकवर ‘एफ४’ असेल तर एफ म्हणजे फ्रीमाँटचा कारखाना, ४ म्हणजे साल आणि पुढचे दोन आकडे अर्थातच आठवडा. तिसरी मागणी पेटी उघडण्याची. आत मॅक बनवणाऱ्यांच्या सह्या प्लास्टिकमध्येच उमटवलेल्या असतात, पण बुवांना बघायचा असतो बोर्ड. कित्येक १२८के मॅकमध्ये नंतर ५१२केचा बोर्ड बसवला गेला. त्या पेटीला लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो. विक्रेता म्हणतो, माझ्याकडे नाही. बुवा वहीत लिहितात : ‘टाळाटाळ.’

बुवांचा सण २०२२च्या ऑगस्टमध्ये येऊन गेला. बोस्टनच्या आरआर ऑक्शनमध्ये ॲपल-१चा एक नमुना-बोर्ड आला : तुटका, चिपा उपसून काढलेल्या. बाइट शॉप या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पॉल टेरेलने १९७६मध्ये काढलेले पोलरॉइड फोटो शेजारी ठेवून तो ओळखला गेला. किंमत आली ६ लाख ७७ हजार १९६ डॉलर. धड बोर्डांनाही क्वचित येते! बुवांनी बोली लावली नव्हती. ते बोली लावतच नाहीत. पैसे गुंतले की नजर मऊ होते, असे त्यांचे मत आहे.

मध्यंतरी त्यांनी स्वतःचाच एक जादा कमोडोर ६४ लिलावाला काढला. वर्णन लिहायला रविवार गेला. प्रत्येक चिपचा आठवडा, खालच्या स्क्रूवरचा गंज, कीबोर्डवरची झिजलेली अक्षरे, आणि आवाजाची एसआयडी चिप अस्सल असल्याचा पुरावा म्हणून ॲसिटोनने पुसूनही न गेलेल्या छापाचा फोटो. शेवटच्या दिवशी एकुलता एक प्रश्न आला :

‘चालू होतो का?’

ते बघायचे राहून गेले होते.