नो-गो जातोय!

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये शिरा, इन्स्पेक्शनच्या टेबलावर दोन तोंडांचा एक पोलादी दांडा पडलेला दिसेल. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्याला ‘नो-गो’, आणि नो-गोच्या बाजूला बहुधा लाल पट्टा. भोकाचं माप तपासायचा हा प्लग गेज. गो टोक भोकात गेलंच पाहिजे, नो-गो जाता कामा नये. आकडा वाचायला नको, चष्मा शोधायला नको. या पद्धतीमागचं तत्त्व इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर याने १९०५ साली मांडलं. आपल्या गेजवर पुढे मराठी कशी बोलली जाईल, याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं.

कारण गेज हातात घेतलेला पोरगा ओरडतो, “दादा, नो-गो जातोय!”

सदाशिव पेठेतल्या व्याकरणकाराला हे वाक्य ऐकवलं तर तो चहाचा कप खाली ठेवेल. न जाणारा जातोय म्हणजे काय? मशीनवरच्या दादाला मात्र विचारावं लागत नाही. भोक मोठं झालंय, टूल बघा, मागचा लॉट बाजूला काढा, आणि साहेबांना कुणी सांगायचं ते ठरवा. याच्या उलट “गो जात नाही” अशी हाक आली तर दादा शांतपणे म्हणतो, “असू दे, अजून एक कट मारू.” भोक लहान असेल तर ते वाढवता येतं, वाढलेलं भोक बुजवता येत नाही. म्हणजे या पट्ट्यात ‘जात नाही’ ही बरी बातमी आणि ‘जातोय’ ही वाईट. इंग्रजी नकाराचा एवढा सूक्ष्म अभ्यास कुठल्या कॉलेजात होत असेल असं मला वाटत नाही.

पिंपरी-चिंचवडला इंग्रजी पुस्तकातून आलीच नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. खेड, मावळ, मराठवाड्यातून आलेल्या माणसांनी ही भाषा मशीनकडून शिकून घेतली, आणि मशीन बोलतं तेव्हा बहुतेक तक्रारच करतं. त्यामुळे सगळ्यात आधी आले ते ब्रेकडाऊन, शटडाऊन, ट्रिप आणि जॅम. इंग्रजीत मूळ क्रियापद बिचारं साधं असतं, खरी खोडी त्याच्या शेपटीत असते. ‘ब्रेक’ला कॅन्टीनमध्ये सगळे धावतात. त्याला ‘डाऊन’ लागला की मेन्टेनन्सवाला धावतो आणि बाकीचे निवांत बसतात. आमच्या लोकांनी ती शेपटी मुळापासून धरली आणि पुढे ‘झालंय’, ‘आहे’, ‘घेतलंय’ लावून मोकळे झाले. “मशीन डाऊन आहे.” “अप कधी होणार?” “बघतो.”

या ‘बघतो’वर थोडं थांबायला हवं. मराठीत नकाराचं भांडार मोठं आहे: नाही, नको, नये, नव्हे, नका. इंग्रजीकडे मुख्य एकच ‘नॉट’, म्हणून बाकीचं ओझं तिला त्या ऑफ-आऊट-अप-विथवर टाकावं लागतं. पण एवढं सगळं घरात असूनही आपण तोंडावर नाही म्हणत नाही. “उद्या सकाळी माल मिळेल ना?” याला व्हेंडरचं उत्तर “करतो काहीतरी साहेब” असं असतं. चाकणला जर्मनी, जपान, कोरियाहून आलेली मंडळी पहिल्या महिन्यात हे होकारात धरतात. दुसऱ्या महिन्यात ती गाडी पाठवून माल स्वतः उचलतात.

मग तोच व्हेंडर रात्री मेल लिहायला बसतो: ‘वी आर नॉट एबल टू कोप अप विथ युवर शेड्यूल.’ स्पोकन इंग्लिशच्या क्लासात या ‘अप’वर लाल रेघ बसते. ‘कोप’ला ‘विथ’ पुरे, ‘अप’ फुकटचा. ‘डिस्कस अबाऊट’मधला ‘अबाऊट’ही फुकटचा. नियम बरोबर आहे, पण त्या ‘अप’मुळे आजवर कुणाची लाइन बंद पडल्याचं ऐकिवात नाही. बंद पडते ती माल न पोचल्याने.

काही शेपट्या मात्र महाग पडतात. ‘ऑफ’ घ्या. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी, कारण विजेचा भार वाटून घ्यायला वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार मिळाले. इथे ‘ऑफ’ म्हणजे गुरुवार, उशिरा उठणं, मटण. त्याच ‘ऑफ’च्या आधी ‘ले’ आला की घरात आवाज खाली येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘ले-ऑफ’ची व्याख्या केली आणि वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठरवली. २०१९ च्या मंदीत ‘ब्लॉक क्लोजर’ हा आणखी सभ्य शब्द गेटवर चिकटला. तो ऐकायला बांधकाम खात्यातला वाटतो, म्हणून पहिल्या दिवशी कुणी घाबरत नाही.

‘लॉकआऊट’ची गंमत त्याहून वेगळी. जुन्या कामगाराला हा शब्द ऐकून बंद गेट आठवतं, बाहेर मांडव, आत पोलीस. त्याचा मुलगा चाकणच्या नव्या प्लँटमध्ये मेन्टेनन्सला आहे. तो सकाळी कामाला हात लावण्याआधी विचारतो, “लोटो लावला का?” लोटो म्हणजे लॉकआऊट-टॅगआऊट. मशीन दुरुस्त करताना वीज बंद करायची, स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, वर आपल्या नावाची चिठ्ठी लटकवायची, म्हणजे दुसरा कुणी चुकून मशीन चालू करणार नाही. एका पिढीत मालकाने कुलूप घातलं, दुसऱ्या पिढीत कामगार घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो. बापलेक जेवताना या शब्दावरून बोलू लागले तर बराच वेळ दोघांनाही आपण एकाच विषयावर बोलतोय असं वाटेल.

नकाराची सगळ्यात शालीन जात ऑडिटरकडे असते. तो ‘तुम्ही केलं नाही’ असं कधीच म्हणत नाही. ‘नॉट अॅडहिअर्ड टू’, ‘डज नॉट कम्प्लाय विथ’ अशा वाक्यांतून तो इतक्या हळुवारपणे सांगतो की मालक आधी आभारच मानतो. मग कुणीतरी कानात कुजबुजतं, “साहेब, एनसी पडली.” एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, आणि ती पडतेच, कुणी देत नाही. मालकाचं म्हणणं ठरलेलं: “काम केलंय हो, कागद केला नाही.” आणि दोष कुठल्याही खात्याचा असो, उपाय म्हणून लिहितात, ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिले.’ एकेका ऑपरेटरला कागदावर इतकं ट्रेनिंग मिळालंय की त्याला डॉक्टरेट द्यायला हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र ही शेपटी गमतीची राहत नाही, आणि ते म्हणजे भिंतीवरच्या पाट्या. ‘डू नॉट रीच इन्टू’, ‘डू नॉट स्टँड अंडर’, ‘डू नॉट टॅम्पर विथ’. पॉवर प्रेससमोर उभ्या असलेल्या, परवाच लातूरहून किंवा बिहारहून आलेल्या पोराला ‘नॉट’ कळतो, ‘रीच’ अर्धा कळतो, ‘इन्टू’ कळत नाही, आणि बोटं जातात ती नेमकी त्या ‘इन्टू’मध्ये. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यातल्या कायदेशीर सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितल्या, त्या काही शोभेसाठी नव्हेत. तेव्हा पाटी रंगवणाऱ्या साहेबांना एवढीच विनंती: ‘हस्तप्रवेश निषिद्ध’ असलं काही लिहू नका. ‘प्रेस चालू असताना हात आत घालू नका’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, खाली हिंदीतही लिहा, आणि पाटी ऑफिसबाहेर नको, प्रेसच्या समोर लावा.