स्टिकरविना दया

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इचलकरंजी भागात वाटलेल्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचा आणि आमदारांचा फोटो झळकला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आम्हाला मात्र ती पद्धत शास्त्रशुद्ध वाटते. वेदगंगा चढली, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग पाण्याखाली गेला, की अडकलेल्या ट्रकवाल्याला कुणी झुणका-भाकर आणून देतं आणि नावही न सांगता निघून जातं. आता ही भाकरी नेमकी कोणाची? उपकार कोणाच्या खात्यावर मांडायचा? मत कोणाला द्यायचं? असली बेवारस दया लोकशाहीला परवडणारी नाही. म्हणून तव्यावरच शिक्का उमटवणारं यंत्र बसवावं. बेळगाव जिल्ह्यात त्यातला साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा. दुकानांच्या पाट्यांना २०२४ पासून तोच कायदा आहे, मग भाकरीलाच सूट का? बुडणाऱ्यानेही फोटोग्राफर येईपर्यंत थोडा धीर धरावा.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असा आक्षेप जुनी मंडळी घेतात. पण त्या काळी डाव्या हातात मोबाईल नव्हता. शिवाय प्रसिद्धीमुळे गरिबाचं काहीच भलं होत नाही, हेही खोटं. वाढदिवस उलटला की चौकातला ‘भावी आमदारां’चा फ्लेक्स कुणीतरी रात्रीत सोडवून नेतं आणि गळक्या गोठ्यावर ताणतं. साहेब हात जोडून पावसात, म्हैस कोरडी. साहेबांना याचा पत्ता नाही. असता, तर उद्घाटन ठेवलं असतं.