पिनधऱ्यासह बारा ताटं

आवाजाची टंचाई आमच्या मुलखात कधीच नव्हती. पाण्याची असते, विजेची असते, डॉक्टरांची तर बारमाही असते. पण आवाज म्हणाल तर रग्गड. दिवाळी सरली, धान घरात आलं, की गावोगावी मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते. मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच, आणि हा नाटकांचा हंगाम थेट होळीपर्यंत रेटला जातो. वैनगंगेच्या अलीकडे आमची ब्रह्मपुरी आणि पलीकडे वडसा. सरकारी कागदावर त्याला देसाईगंज म्हणतात, पण कागद घेऊन नाटक ठरवायला कोणी जात नाही. गावकरी वडशाला जातात, नाटक कंपन्यांच्या बोर्डांखालून हिंडतात, नट-नट्यांचे फोटो न्याहाळतात आणि नाटक 'बुक' करून येतात.

झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या मुलखाचं, नाटक रात्री नऊ-दहाला चढतं आणि कोंबडा आरवेपर्यंत उतरत नाही. उघड्यावर भोंगा लावायचा तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळा. म्हणजे शासनाच्या झोपेची आणि आमच्या करमणुकीची वेळ तंतोतंत एकच. हा मेळ दरवर्षी कसा जमतो, ते आयोजक जाणे आणि ठाणेदार जाणे.

पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात नट नुसत्या छातीच्या जोरावर शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला उठवत असत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं. पण तिचा आवाज त्याआधीच चार गावं ओलांडून जात होता. पुढे चोंगे, म्हणजे भोंगे, आले. लग्न असो की कीर्तन, बैलबंडीतून एक मशीन, एक बॅटरी आणि दोन चोंगे यायचे. सोबत माणसं दोन. एक मशीनजवळ बसायचा, दुसरा कडुनिंबावर चढायचा. मशीन उचलताना कंबर धरायची, पण सांभाळायला ही दोन माणसं पुरत.

आता मशीन हलकं झालं आहे, आणि माणसं वाढली आहेत. ध्वनिशास्त्रातला हा नियम मी आमच्या भाच्याच्या धंद्याकडे बघून काढला आहे: यंत्र जेवढं लहान, तेवढी त्याच्याभोवती माणसं जास्त.

आमचे भाचेबुवा डीजे आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना आपली खरी दिशा कळली आणि ती नेमकी कॉलेजच्या उलट्या बाजूला निघाली. भांडवल म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्याला त्यांनी एक यूएसबीचं साऊंड कार्ड जोडलं. या वस्तूचं रूप पाहून आमच्या ताईला रडूच आलं. खर्ऱ्याच्या पुडीएवढी चीज! "एवढ्याशाला एवढे पैसे?" ती म्हणाली. वास्तविक या दुनियेत ती फुकटातच पडली म्हणायची. बेहरिंगरच्या यूसीए २०२सारखी साधी कार्डं चार-पाच हजारांच्या आत येतात; त्यांना एका अंगाला यूएसबीची वायर आणि दुसऱ्या अंगाला लाल-पांढरी आरसीएची भोकं असतात. माईकची चांगली सोय हवी तर फोकसराईटच्या स्कारलेटसारखी पेटी घ्या, पण मग आकडा दुपटी-तिपटीवर जातो. आणि दोन चाकं फिरवून गाण्याला गाणं जोडायचं असेल तर पायोनियरच्या २०१८ सालच्या डीडीजे-४०० सारखे कंट्रोलर. त्यांच्या पोटातच साऊंड कार्ड असतं.

"पण लॅपटॉपला हेडफोनचं भोक आहे ना," मी भाच्याला विचारलं, "त्यातूनच वायर काढ की!"

"मामाजी," भाचा अत्यंत करुणेनं म्हणाला, "त्या भोकातून गान्यासंगं लॅपटॉपच्या पोटातला समदा कचराही बाहेर येते."

हे खरं आहे. लॅपटॉपच्या आत पंखा, डिस्क, प्रोसेसर यांची विजेची खुडबूड चालू असते, आणि स्वस्त लॅपटॉपात ती हेडफोनच्या वाटेनं गाण्यात मिसळते. यूएसबीतून आवाज निघतो तो नुसत्या आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज होतो तो बाहेरच्या पेटीत. दुसरा फायदा सामाजिक आहे. गाणी पेटीकडे पाठवायची आणि लॅपटॉपची स्वतःची टिंगटिंग लॅपटॉपच्याच स्पीकरवर सोडायची, अशी वाटणी करता येते. ही वाटणी न करणाऱ्या एका डीजेच्या मांडवात मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना चार बासमधून झाली होती. वधूपिता दचकून खाली बसला.

यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा, याचे पहिले नियम १९९८चे. सुधारित दुसरी आवृत्ती २००६ची. विंडोजला ही दुसरी आवृत्ती वेगळ्या ड्रायव्हरशिवाय घरच्या घरी समजू लागायला २०१७ उजाडलं. तहसील कचेरीतल्या फायलींना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता माणसं कशी वाढतात ते पाहा.

भाच्याची पहिली मोठी ऑर्डर मूल तालुक्यातल्या एका लग्नाची. बिछायत केंद्राचा मांडव, मे महिना, चंद्रपूरचा पारा सेहेचाळीसच्या वर. भाच्यानं सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि गाणं सुरू होण्याआधीच बासमधून "हुम्म्म" असा अखंड नाद सुटला. वऱ्हाडातले एक आजोबा हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, ओंकारानं सुरुवात केली पोरानं.

तो ओंकार नव्हता, वीज मंडळाचा पन्नास हर्ट्झ होता. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, अँप दुसऱ्या बोर्डावर. दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाट काढून स्पीकरमध्ये गातो. याला 'ग्राऊंड लूप' म्हणतात. काही शहाणे अशा वेळी अर्थची जाडी पिनच मोडून टाकतात. आवाज थांबतो, आणि एखाद्या दिवशी माईक धरणारा माणूसही थांबतो. म्हणून पिनेला हात लावायचा नाही. त्यापेक्षा काही शे रुपयांचा आयसोलेटर मिळतो. त्याच्या आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ते आवाज पुढे जाऊ देतात आणि विजेचं नातं तोडतात. भाच्यानं तो मागवला होता. तो पार्सलमध्ये होता. पार्सल नागपुरात होतं.

भाच्यानं मांडवाबाहेर जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला. उन्हाळ्यानं माती पार कोरडी ठक्क. तो ओरडला, "एक बादली पानी आना जी लवकर!"

मुलीकडचे चार जण धावले. कोणी माठातलं गार पाणी आणलं, कोणी त्यात लिंबू पिळलं. डीजे साहेबांनी ते तांब्यानं घेतलं आणि जमिनीत ओतलं. मांडवात कुजबूज झाली: पोरगा देवभोळा दिसतो. हुम्म थोडा कमी झाला, पण गेला नाही. शेवटी चार्जरच काढला, आणि बासनं एकदम तोंड मिटलं. पण आता सगळं लग्न लॅपटॉपच्या बॅटरीवर आलं. एका पोराला स्क्रीनजवळ बसवून मिनिटामिनिटाला टक्के वाचायला लावलं. "चाळीस!" तो ओरडला. भटजींनी ते ऐकलं आणि, मी स्वतः पाहिलं, दोन श्लोक गाळले.

उन्हात लॅपटॉप तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि गाणं खर्र खर्र करत तुटतं. म्हणून आहेराच्या साडीचा पुठ्ठा घेऊन एक जण त्याला वारा घालत होता. नवरदेवाला वारा घालायला कोणी उरलं नव्हतं.

त्यात यूएसबीच्या वायरीची लांबी. नेहमीच्या यूएसबी २.० ला पाच मीटरची मर्यादा आहे. त्याहून लांब वायर टाकली तर आकडे वाटेत सांडतात. म्हणजे पेटी, लॅपटॉप आणि डीजे एका टेबलाशी बांधलेले. पूर्वीचा मशीनवाला कुठे कोपऱ्यात दडायचा. आता उजळलेली स्क्रीन घेऊन पोरगा मांडवात सर्वांच्या नजरेत. किडे आणि काका दोघंही उजेडाकडे येतात. एक काका "वाढव" सांगायला, दुसरे "कमी कर" सांगायला, आणि या दोघांच्या चिठ्ठ्या गोळा करायला तिसरा.

शिवाय भोकं. लॅपटॉपच्या एका यूएसबी २.० भोकातून नियमानं ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. भाच्यानं त्या एका भोकाला हब लावून त्यावर कार्ड, कंट्रोलर आणि पेनड्राइव्ह बसवले होते. हिशेब कसाबसा जुळत होता. तेवढ्यात नवरदेवाकडच्या मोठ्या जावयानं, "जागा रिकामी दिसून रायली," म्हणत चौथ्या भोकात स्वतःचा फोन चार्जिंगला लावला. कंट्रोलरचे दिवे लुकलुकले, विझले, पुन्हा पेटले. पोरांना वाटलं लायटिंग सुरू झाली. त्यांनी शिट्ट्या मारल्या. जावयाला काही बोलायची सोय नसते, म्हणून हबजवळ एक वयस्क, गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ नेमण्यात आला. त्याचं काम एकच: येईल त्याला "इथं नाही जी, तिकडं" म्हणणं.

आणि मग पिनधऱ्या. कार्डाच्या मागची चौकोनी यूएसबीची पिन थोडी सैल झाली होती. एका विशिष्ट कोनात दाबून धरली तर गाणं चालू, बोट हललं की बंद. हे पद आठवीतल्या एका पोराला मिळालं. वरात निघाली, घोडा नाचला, आतषबाजी झाली. पोरगा ढिम्म हलला नाही. जेवायच्या पंगतीतही तो डाव्या हातानं पिन धरून उजव्या हातानं बुंदी खात होता. एवढी निष्ठा मी सहकारी संस्थेच्या संचालकातही पाहिली नाही.

लग्नाचं एक वेळ बरं. तिथे गाणी आधीच तयार असतात. खरी गंमत जिवंत वाद्यांची. आमच्या नवयुवक मंडळानं मंडईच्या नाटकाची तालीम धरली. ऑर्गन, तबला, गाणारी नटी. भाच्याला इको द्यायचा होता, म्हणून त्यानं माईक कार्डात घातला, कार्ड लॅपटॉपला, लॅपटॉपमधून इको, तिथून परत कार्ड आणि स्पीकर. लॅपटॉप आवाज लगेच पुढे ढकलत नाही. आधी थोडा साठवतो, मग देतो. भाच्यानं साठवण २०४८ नमुन्यांची ठेवली होती. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर जाता-येता मिळून जवळजवळ ९३ मिलिसेकंद उशीर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो; म्हणजे बाई तोंडासमोर गात होती आणि तिचा आवाज ३२ मीटरवरच्या पानठेल्यावरून आल्यासारखा तिला ऐकू येत होता.

बाई स्वतःच्या आवाजासाठी थांबू लागली. तबलजी बाईसाठी थांबू लागले. थांबलेला तबला पुन्हा उशिरानं स्पीकरमधून आला, म्हणून बाई आणखी थांबली. तीन मिनिटांचं प्रेमगीत बघता बघता पाच मिनिटांवर गेलं आणि त्याचा रंग शोकाकडे झुकला. खलनायकाची भूमिका करणारा मास्तर विंगेत डोळे पुसू लागला. अखेर तबलजींनी हात उचलले आणि विचारलं, "बाबू, हे गानं मी वाजवून रायलो, का ते मले वाजवून रायलं?"

यावर दोन उपाय. साठवण १२८ नमुन्यांवर आणा. उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे दोन मीटर, तेवढा कोणालाच खटकत नाही. मात्र जुना लॅपटॉप एवढ्या घाईत दमतो आणि करकरतो. दुसरा उपाय म्हणजे कार्डावरचं 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज लॅपटॉपची वारी न करता थेट तिच्या कानी जातो. भाच्यानं दुसरा उपाय केला. हे बटण बोटाच्या नखाएवढं असतं आणि वाद्यवृंदाचं सगळं भवितव्य त्यावर असतं, म्हणून त्यालाही एक माणूस लागला.

एवढं होऊनही स्पीकरचे टॉप आणि बास आहेत तेवढेच आहेत. यूएसबीनं मेंदू लहान केला, पण ठोका छातीत बसायचा तर भरपूर हवा हलवावी लागते, आणि हवा हलवायला अठरा इंची बासच लागतो. म्हणून खिशात मावणाऱ्या कार्डामागून छोटा हत्ती येतो, त्याचा ड्रायव्हर येतो, वीज जाईल म्हणून जनरेटरवाला येतो.

परवा एक वधूपिता बयाणा द्यायला भाच्याकडे आला. टेबलावरची ती पुडीएवढी पेटी पाहून त्याचा चेहरा खुलला. "एवढंच सामान? मंग तर स्वस्तात होते."

भाच्यानं वही पुढे ओढली. सामानाचं भाडं लिहिलं. ते खरोखर कमी होतं. मग खाली नोंदी केल्या: स्वतः, बादलीवाला, टक्केवाचक, वारावाला, वाढववाले, कमीकरवाले, चिठ्ठीवाला, हबवाले, बटणवाला, ड्रायव्हर, जनरेटरवाला, आणि ठळक अक्षरात पिनधऱ्या.

वधूपित्यानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "यांचं काय पडन?"

"पैसे नाही जी त्यांचे," भाचा म्हणाला, "फक्त बारा ताटं. पिनधऱ्याले बुंदी जास्त."