बापूसाहेबांचा तक्ता

मुंबईतील प्रत्येक चाळीस जसा एक सार्वजनिक नळ आणि एक सार्वजनिक भांडण असते, तसाच एक सार्वजनिक नियोजकही असतो. आणि हा गृहस्थ बहुधा कोणत्या ना कोणत्या कचेरीतून शिरस्तेदार किंवा हेडक्लार्क या हुद्द्यावरून निवृत्त झालेला असल्यामुळे, ज्या कार्यास दोन धट्टेकट्टे हात पुरले असते त्यासाठीही प्रथम फूलस्केप कागद, आखणीचा रूळ आणि दोन रंगांची शाई यांची तजवीज करणे हे तो आपले आद्य कर्तव्य समजतो. आमच्या गिरगावातील चाळीत या पदावर बापूसाहेब विराजमान होते. मनुष्यस्वभावाविषयी त्यांच्या मनात गाढ संशय आणि रकान्यांविषयी अढळ श्रद्धा होती. एकदा सत्यनारायणाचा प्रसाद कमी पडला, तेव्हा रव्याचे प्रमाण चुकले हे कबूल न करता त्यांनी इतिवृत्तात ‘उपस्थितांची अनधिकृत वाढ’ एवढीच नोंद करून ते प्रकरण दप्तरी दाखल केले.

अशा या गृहस्थाच्या हाती आम्ही पोरांनी त्या वर्षीची दहीहंडी दिली, किंवा खरे सांगायचे तर त्यांनी ती घेतली. गोविंदा पथकांत सरावाचा नारळ गुरुपौर्णिमेस फुटतो, म्हणजे दहीकाल्यापर्यंत चांगला सव्वा महिना हाती राहतो. आमचा तो सव्वा महिना बापूसाहेबांच्या खोलीत चटईवर मांडी घालून तक्ता ऐकण्यात गेला. तक्त्यात चोवीस नावे होती : पहिल्या थरास चौदा, दुसऱ्यास सहा, तिसऱ्यास तीन आणि वर एक्का म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा, पापड वाळत घातल्यासारखा हलका पोरगा. प्रत्येक नावापुढे वय, वजन, उंची, पूर्वानुभव आणि ‘शेरा’ असे रकाने होते. माझ्या शेऱ्यात ‘भारवाहू’ असे लिहिले होते.

हंडी वीस फुटांवर बांधायची होती. सरासरी उंची साडेपाच फूट, थर चार, म्हणून एकूण बावीस फूट. वीस वजा जाता दोन फूट शिल्लक, असा हिशेब मांडून बापूसाहेबांनी ती शिल्लक तांबड्या शाईने अधोरेखित केली. पदवीधर मंडळी हजर असूनही मनुष्य मनुष्याच्या खांद्यावर उभा राहतो, डोक्यावर नव्हे, हे त्या बैठकीत कोणाच्याही डोक्यात आले नाही. (पुढे २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. भागाकार केला तर कसलेल्या गड्यांच्याही वाट्याला दर थरी पुरते पाच फूट येत नाहीत.) तळमजल्यावर राहणाऱ्या, गोदीत पोती वाहणाऱ्या एका गड्याने मात्र दाराशी उभ्या उभ्या विचारले, “बापूसाहेब, वर गेल्यावर उतरा म्हणून कोण सांगणार? खालच्याला तर वरचं काही दिसत नाही.” हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने बापूसाहेबांनी तो पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवला, पुढील बैठक झालीच नाही.

दहीकाल्याच्या दिवशी आम्ही चौदाजण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, माना आत घालून, कडे करून उभे राहिलो. तळच्या थरातील माणसाचे जग फार लहान असते : तेरा जोड्या चिखलाने माखलेले पाय, मध्येच वाहत गेलेली कोणाच्या तरी शर्टाची गुंडी, आणि आपल्या गळ्याच्या हाडावर रुतलेली एक परकी टाच. गॅलऱ्यांतून बादल्या रिकाम्या होत होत्या. कोपऱ्यात खुर्चीवर उभे राहून बापूसाहेब तक्ता वाचीत होते. पाण्याने शाई पसरल्यामुळे तिसऱ्या थरातील दोघांची नावे एकमेकांत मिसळली होती आणि बापूसाहेबांनी त्यांतून जे तिसरेच नाव वाचले, त्या नावाचा मनुष्य चाळीत नव्हता. तरीही थर उभे राहिले. एक्का वर पोहोचला, त्याने हात उंचावला, आणि हंडी त्याच्या बोटांपासून बरोबर एक हात वर शांतपणे झुलत राहिली.

आता काय करावे, हे तक्त्यात नव्हते. पोरगा उडी मारू का म्हणून विचारीत होता, दुसरा थर तिसऱ्याला शिव्या घालीत होता, आणि आम्ही खालचे, हंडी फुटली असे समजून, मोठ्या उत्साहाने जयघोष करीत सुटे झालो. त्यानंतरच्या क्षणाचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे, कारण त्या वेळी माझे तोंड चिखलात होते. सुदैवाने पोराला त्या गोदीतल्या गड्याने वरच्या वर झेलले; बाकीच्यांच्या वाट्याला हळदीचे लेप आले. स्पेनमधील कॅटलोनियातही माणसांचे असेच मनोरे रचतात, २०१० साली युनेस्कोने त्या परंपरेस अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि तेथील स्पर्धांत मनोरा नुसता रचण्यापेक्षा सुखरूप उतरवण्यास अधिक गुण मिळतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा माझा उजवा खांदा पुन्हा एकदा दुखू लागला.

पुढल्या वर्षी आम्ही गुपचूप त्या गड्याच्या हाताखाली, रात्री चाळीच्या मागल्या अंगणात, चढण्याआधी उतरण्याचाच सराव आठ दिवस केला. त्याच्या एका शिटीला वरचा उतरे, दोन शिट्यांना मधले. बापूसाहेबांना अर्थातच याची इत्तला नव्हती. त्यांनी आपला नवा तक्ता यथाकाल जिन्याच्या भिंतीवर डकवला, आणि गतवर्षीच्या अनुभवाची दखल घेऊन त्यात ‘उतरण्याची तजवीज’ असा एक स्वतंत्र रकानाही वाढवला. त्या रकान्यात चोवीसही नावांपुढे, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांत, एकच मजकूर होता : ‘मागाहून कळविण्यात येईल.’