मूल, गादीविना

रिसॉर्टच्या रेटकार्डावरची ओळ जशी आहे तशी देतो: ‘मूल, ५ ते १२ वर्षे, गादीविना’. पुढे रक्कम. त्याच्या खाली ‘मूल, ५ ते १२ वर्षे, गादीसह’. पुढे त्याहून मोठी रक्कम.

खालच्या ओळीबद्दल आमची तक्रार नाही. गादी दिली, पैसे घेतले, विषय संपला. आमचं डोकं फिरलंय ते वरच्या ओळीने. मूल आमचं. ते आम्ही आमच्या गाडीतून, आमच्या पेट्रोलवर, घाटात आमच्याच सीटवर ओकलं तर ते निस्तरत घेऊन येणार. गादी तुम्ही देणार नाही. मग रात्रभरात त्या मुलाला तुम्ही नेमकं विकलंत काय? फोन करून विचारलं. रिझर्वेशनवाल्या मॅडम जराही न चिडता म्हणाल्या, “सर, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड आहे ना!” म्हणजे वाटीभर पोहे, त्रिकोणी कापलेला ब्रेड, आणि उरलेल्या रकमेत फरशी.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ओळीवरून एवढा त्रागा कशाला? रिसॉर्ट निवडायचं तर बघायला कितीतरी गोष्टी असतात. असतात ना. मे महिना तोंडावर आला की घरोघरी हीच निवडणूक सुरू असते. अम्युझमेंट पार्कचा प्रश्न नसतो, ते मुलांनी वर्गातल्या मित्रांशी बोलून परीक्षेच्या आधीच ठरवलेलं असतं. वाद उरतो तो मुक्कामाचा. खोपोलीत खालीच राहायचं की घाट चढून लोणावळ्याला जायचं? कर्जतला नदीकाठी उतरायचं की अर्नाळ्याच्या बाजूला, जिथे खोली, घसरगुंडी आणि नारळाची झाडं एकाच कुंपणात मिळतात? बायको बाथरूमचे फोटो बोटांनी मोठे करकरून बघते. मेव्हणे ‘अनलिमिटेड’ हा शब्द कुठे आहे ते शोधतात. ‘पार्कपासून फक्त पाच मिनिटं’ असं प्रत्येकाने लिहिलेलं असतं, आणि ती पाच मिनिटं पहाटे तीनला, रस्ता मोकळा असताना मोजलेली असतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर आम्ही शाई खर्च करणार नाही. आम्ही गादीवरच बोलणार.

कारण हिशेब करून बघा. पार्क सकाळी दहा-साडेदहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला शिट्ट्या फुंकून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतं. खोली मिळते दुपारी दोनला. दोनला आपण कुठे असतो? लेझी रिव्हरमध्ये, परक्याच्या टायरवर आदळत. खोलीत पाऊल पडतं ते अंधार पडल्यावर, तेही ओलं. दुसऱ्या दिवशी दहाला, फार तर अकराला, किल्ली परत. म्हणजे हॉटेलवाले ज्याला ‘एक दिवस’ म्हणतात तो वीस-एकवीस तासांचा, आणि त्यातही डोळे उघडे असतात तोवर आपण दुसरीकडे. त्या खोलीत माणूस एकच काम करतो. झोपतो. झोपायला एकच वस्तू लागते. आणि अख्ख्या रिसॉर्टात तेवढी एकच वस्तू वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते.

बाकी सगळं कॉम्प्लिमेंटरी. जॉगिंग ट्रॅक कॉम्प्लिमेंटरी. बॅडमिंटन कोर्ट कॉम्प्लिमेंटरी, जाळी नाही. कॅरम कॉम्प्लिमेंटरी, राणी नाही. खोलीत किटली, चहाच्या दोन पुड्या, दूध पावडरची एकच पुडी, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणि शॉवर कॅप. टकलू गृहस्थालाही शॉवर कॅप फुकट मिळते, त्याला कोणी ‘पाहुणा, केसांविना’ असा वेगळा दर लावत नाही. परवा एका रिसॉर्टची जाहिरात वाचली. ‘पेट फ्रेंडली’, म्हणजे कुत्र्यामांजरांचंही स्वागत. कुत्र्याचे पैसे लागतात, पण खाली ठळक अक्षरांत: ‘पेट बेड कॉम्प्लिमेंटरी’. वाचून आम्ही पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ आमच्या चिरंजीवांकडे बघत बसलो. भुंकायला शिकवायला फार दिवस लागणार नाहीत असं वाटलं. ब्रेकफास्टचं तेवढं बघावं लागेल.

आता ‘मूल’ म्हणजे कोण, तेही बघू. कायद्याने अठरा पूर्ण होईपर्यंत माणूस बालक असतो. हॉटेलात बारा पूर्ण झाली की प्रौढ. ज्याला अजून शाळेच्या सहलीला पालकांची सही लागते, तो रिसॉर्टच्या काउंटरवर घरातला कर्ता पुरुष होतो आणि त्याच्या नावावर मोठ्या माणसाचं बिल फाटतं. पार्कवाल्यांचं तिसरंच. ते वय विचारत नाहीत. तिथे तिकीटखिडकीपाशी भिंतीवर पट्टी रंगवलेली असते, साधारण साडेचार फुटांवर रेघ, डोकं रेघेच्या वर गेलं की पूर्ण तिकीट. त्या रेघेपाशी दहा मिनिटं उभं राहून बघा, पार्कातल्या कुठल्याही राइडपेक्षा जास्त करमणूक होते. आई दबक्या आवाजात म्हणते, “मान खाली घाल रे जरा.” वडील बूट काढायला लावतात. बहीण भावाच्या डोक्यावरचे उभे केस तळव्याने चापून बसवते. खिडकीतला माणूस हे रोज बघत असल्यामुळे सरळ टाळूवर पुठ्ठा ठेवतो. अर्ध्या तासाने तेच कुटुंब मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत असतं. तिथेही पट्टी असते, पण उलट कामाची, कारण ठरावीक उंचीच्या खाली बसूच देत नाहीत. आता तीच आई ओरडत असते, “ताठ उभा राहा ना, बावळटासारखा वाकतोस काय!” आणि बहीण तेच केस परत उभे करत असते. उंच अकरावर्षीय मुलगा दिवसभर पार्कात प्रौढ असतो आणि रात्री हॉटेलात मूल. बुटका तेरावर्षीय दिवसा मूल आणि रात्री प्रौढ. दोन्ही धंदे एकाच वाटेवर, एकाच गिऱ्हाइकावर चालतात, पण त्यांच्या व्याख्या जुळत नाहीत, आणि न जुळण्याचा फायदा दर वेळी गल्ल्याच्या त्या बाजूलाच जातो. बरं, अक्कल लावायचीच होती तर निदान उलटी तरी लावा. गादीवर उंची झोपते, वय झोपत नाही. पट्टी हॉटेलात हवी. तीन फुटी पोराला अर्धी गादी, अर्धा दर.

ते जाऊ दे. समजा आपण शहाणपणा करून ‘गादीसह’ घेतलं. पैसे ऑनलाइन भरले, पावती आली, पावतीवर गादी. खोलीत गादी नसते. रात्री जेवण झाल्यावर रिसेप्शनला फोन. “भेजता हूं सर.” अर्ध्या तासाने पुन्हा फोन. “निकल गया सर.” गादी निघाली आहे, जणू दादरहून. साडेदहाला दारावर टकटक होते आणि एक पोरगा ती कॉरिडॉरमधून फरफटत आणतो. फोमची, तिघडी, जाडी दोन बोटं, घड्यांपाशी फोम पार संपलेला, म्हणजे झोपणाऱ्याची मान एका खड्ड्यात आणि कंबर दुसऱ्यात. वर चादर अंथरलेली, तिला फिनेलचा वास. ती टाकायला जागा एकच, पलंग आणि टीव्हीच्या मध्ये. तिथे टाकली की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. मग सगळा कुटुंबकबिला रात्रभर बाथरूमला आडवा होऊन जातो. मुलगा ती गादी बघतो, पलंगाखालचा काळोख बघतो आणि सरळ आईच्या कुशीत शिरतो. मुलगी दुसऱ्या बाजूने शिरते. पलंग भरला. खाली उरतो बाप. रेटकार्डावर लिहिलेलं असतं ‘मूल, गादीसह’, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही रिसॉर्टात पहाटे तीनला दिवा लावून बघा, त्या गादीवर गुडघे पोटाशी घेतलेला एक पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ सापडेल, ज्याने तिचे पैसे भरलेत.

आमच्या गल्लीतला मंडपवाला लग्नकार्याला गाद्या भाड्याने देतो. कापसाच्या, जाड, ऊन दाखवलेल्या, वर उशी आणि सोलापुरी चादर. एका रात्रीच्या भाड्यात रिसॉर्टात चहासुद्धा येणार नाही. आम्ही मॅडमना पुन्हा फोन लावला. म्हटलं, गादी आमची आम्ही आणतो, गाडीच्या टपावर बांधून. पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, “सर, आउटसाइड मॅट्रेस नॉट अलाउड.” बाहेरचं खाणं चालत नाही हे ऐकून होतो. बाहेरचं झोपणंही चालत नाही.

या सगळ्यामागे जीएसटीचं काहीतरी गौडबंगाल आहे असा आमच्या एका सीए मित्राला संशय आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के कर लागतो आणि रुपयाभराने जरी वर गेलं तरी १८ टक्के. आता अ‍ॅपवर खोल्या बघा, ७,४९९ च्या आसपास कशी दाटी झालेली असते. खोली बिचारी रेघेखाली मान घालून उभी, तिकीटखिडकीवरच्या पोरासारखी. मग नफा बसवायचा कुठे? गादीत.

इथवर आम्ही हसून घेतलं. आता ज्याचा खरा राग आहे ते सांगतो.

त्या रेटकार्डावर खोली म्हणजे ‘दोन प्रौढ’. फार झालं तर दोन मुलं. आणि शेवटी, बारीक टायपात, ‘एक्स्ट्रा अ‍ॅडल्ट, गादी सक्तीची’. ही एक्स्ट्रा अ‍ॅडल्ट कोण, ते तुम्हाला माहीत आहे. आजी. नवरा-बायको दोघंही सकाळची लोकल पकडायला पळतात तेव्हा ज्या बाईच्या जिवावर ती दोन मुलं ‘५ ते १२’ झाली, ती या धंद्याच्या लेखी एक्स्ट्रा. तिला पार्कात नेलं तर तिकीट लागतं. भिजायचं नसलं तरी लागतं. ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडी सूट हवी तर पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवा. पाण्यात उतरायचं म्हटलं तर सुती साडी चालत नाही, धागे सुटून फिल्टर तुंबतात, नायलॉनचाच पोशाख हवा, नसेल तर डिपॉझिट ठेवून भाड्याने घ्या. पंच्याहत्तरीतली बाई भाड्याचा नायलॉन पोशाख घालणार आहे थोडीच! मग ती दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत, अर्ध्या सावलीत, सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल आणि जावयाचा चष्मा सांभाळत बसते. शेजारी लॉकर असतात, त्यांना भाडं आणि वर डिपॉझिट. लॉकर जे काम करतो तेच आजी करते, लॉकरपेक्षा चांगलं करते, कारण लॉकर कधी ‘अंग पूस नीट, सर्दी होईल’ असं म्हणत नाही. लॉकरचे पैसे आपण पार्कला देतो आणि आजीचेही आपणच पार्कला देतो. आणि दिवसभर ही राखण केलेल्या, गुडघे गेलेल्या बाईला रात्री काय देता? दोन बोटं फोम, जमिनीवर, त्या अर्धवट उघडणाऱ्या दाराच्या तोंडाशी. याचे सक्तीने पैसे घेता आणि त्याला हॉस्पिटॅलिटी म्हणता? लाज नाही वाटत? आजीला कोणी खाली झोपू देत नाही ही गोष्ट वेगळी. पण ते आमच्या घरचे संस्कार, तुमची सोय नव्हे.

आणि जागा नाही, पलंग नाहीत, ही सबब सांगू नका. त्याच रिसॉर्टात कंपन्यांचे लोक येतात, टीम बिल्डिंग करायला, एकमेकांच्या कमरेला दोरी बांधून शर्यती खेळायला. त्यांना ‘ट्रिपल शेअरिंग’, ‘क्वाड शेअरिंग’ सगळं मिळतं. एका खोलीत चार पलंग, माणशी एक दर, ब्रेकफास्टपासून हाय-टीपर्यंत सगळं धरून. सेल्सच्या चार माणसांना एकेक पलंग, आणि एका आजीला मिळत नाही! सेल्सवाल्यांत कोणी एक्स्ट्रा नसतो. तो फक्त कुटुंबात असतो.

आमची मागणी साधी आहे. खोलीत पाच माणसं राहतात तर पाच माणसांची झोपायची सोय करा, मग ती पलंगावर असो की दिवाणावर, आणि बेरीज करून एकच आकडा सांगा. मोठा असला तरी चालेल, आम्ही घासाघीस करू, ती आमची हौस आहे. पण झोप आणि माणूस वेगवेगळे विकू नका. आणि ‘एक्स्ट्रा’ हा शब्द रेटकार्डावर ठेवायचाच असेल, तर तो जॉगिंग ट्रॅकपुढे लिहा. त्या ट्रॅकवर सकाळी ड्रायव्हर बादल्या घेऊन गाड्या धुतात, त्यापलीकडे त्याचा उपयोग करताना आजवर कोणी दिसलेलं नाही. तो उखडा. तिथे चार खोल्या निघतील, पलंगांसह.