राजुरात निवृत्त व्हावे कसे

सर्वप्रथम राजूर कोणते ते ठरवून घ्यावे. अकोले तालुक्यातले राजूर निवडले तर सह्याद्री आणि भंडारदऱ्याचे पाणी पदरात पडते. जालना जिल्ह्यातले निवडले तर गणपती मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातही एक आहे, पण ते राजुरा, आणि काना-मात्रेच्या चुकीने तिथे इसार देऊन बसू नये. प्रस्तुत मार्गदर्शन यवतमाळ जिल्ह्यातल्या, वणी तालुक्यातल्या राजूरसाठी आहे. पंचक्रोशी त्याला राजूर कॉलरी म्हणते. जनगणनेच्या दप्तरात ते शहर आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. खाली कोळसा, बाजूला चुन्याच्या भट्ट्या आणि मध्ये घर, अशी एकंदर रचना.

इथे निवृत्त होण्यासाठी पात्र उमेदवार दोन प्रकारचे. पहिला, पुण्या-नागपूरच्या भावांनी दमलेला आणि "गावाकडे स्वस्तात काहीतरी" शोधणारा. याने पुढचा मजकूर वाचून शांतपणे परत जावे. दुसरा खरा उमेदवार: वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, साठाव्या वर्षी बाहेर पडणारा कामगार. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये ही कंपनी आली, आणि तेव्हापासून या पट्ट्यात माणसाच्या आयुष्याची आखणी कंपनीच करते. पाळी ती ठरवते, क्वार्टर ती देते, दवाखाना तिचा. साठाव्या वाढदिवसाच्या महिनाअखेरीला ती हार घालते, शाल-श्रीफळ देते आणि क्वार्टर केव्हा सोडता म्हणून विचारते. तीस-पस्तीस वर्षे ज्याने घराचा विचार केला नाही, त्याने तो आता एका महिन्यात करायचा असतो.

क्वार्टर न सोडण्याचा मोह मोठा असतो. शेजारी तेच, पिंपळ तोच, वीजही सवयीची. परंतु ग्रॅच्युइटीचे पैसे आणि क्वार्टरची किल्ली यांचे नाते फार जुने आहे. स्टील अथॉरिटीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली, मुदतीनंतर अडवलेल्या घराचे दंडाचे भाडे ग्रॅच्युइटीतून वळते करता येते, अशी भूमिका घेतली. तेव्हा किल्ली वेळेत द्यावी. भावना ट्रकमध्ये भरता येतात.

आता अर्थसंकल्प. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा 20 लाख. भविष्य निर्वाह निधीची रक्कम वेगळी, पण तिच्यातून मुलीचे लग्न, मुलाचे इंजिनिअरिंग आणि साळ्याची अडचण आधीच वजा झालेली असते. राहता राहिले पेन्शन. कोळसा खाण पेन्शन योजना 1998 ची, आणि तिचा हिशेब साधा: पूर्ण सेवा झालेल्याला सरासरी पगाराच्या 25 टक्के. सरासरी 60,000 धरली तर 15,000. गंमत पुढे आहे. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता चिकटतो तसा इथे चिकटत नाही. साठाव्या वर्षी 15,000, ऐंशीव्या वर्षीही 15,000. तूरडाळीला मात्र ही योजना लागू नाही.

म्हणून सगळी ग्रॅच्युइटी विटांत घालणारा माणूस राजुरात हमखास फसतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. दहा लाख तिथे ठेवले तर दर तिमाहीला 20,500 रुपये येतात. घराला लागेल तेवढेच घराला द्यावे. दुमजली बांधून वरचा मजला भाड्याने देण्याचा बेत प्रत्येकाच्या मनात येतो. भाडेकरू कोण, हा प्रश्न मात्र स्लॅब पडल्यावर सुचतो. कामावर असलेला क्वार्टरमध्ये राहतो आणि निवृत्त झालेला स्वतःच दुमजली बांधत असतो.

यानंतर जागेची निवड, आणि इथे राजूर इतर गावांपेक्षा वेगळे पडते. दुसरीकडे जागा पाहताना वर पाहतात: हवा, उजेड, शेजार. इथे खाली पाहायचे. राजूरची खाण भूमिगत. अशा खाणीत कोळशाचेच खांब राखून मधला माल काढतात. शेवटी ते खांबही काढतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत बसते, आणि छतावर जे कोणी असेल तेही बसते. पोकळीत वाळू भरण्याची पद्धत आहे, पण वाळूवर घर बांधू नये हे सांगायला मार्गदर्शकाची गरज नसावी. या बाबतीत निवृत्त कामगाराइतका जाणता सर्वेक्षक दुसरा नाही. त्याने एकच नियम पाळावा: ज्या भागातले खांब आपण स्वतः काढले, त्याच्या डोक्यावर प्लॉट घेऊ नये.

ज्यांना खाली उतरण्याचे भाग्य लाभले नाही, त्यांनी कागद पाहावा. कोळसा क्षेत्र संपादन कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 4 खाली शोध घेण्याचा इरादा जाहीर होतो, कलम 7 खाली जमीन घेण्याचा इरादा, आणि कलम 9 खाली ती घेतल्याची घोषणा. सगळे भारताच्या राजपत्रात रीतसर छापून येते. राजूरच्या चहाटपरीवर राजपत्र येत नाही, एवढीच अडचण. कलम 7 नंतर हरकत घ्यायला 30 दिवस असतात. प्लॉट विकणारा नेमका या काळात फार प्रेमळ झालेला आढळतो. "साहेब, लेकाच्या शिक्षणासाठी इकून राहिलो, नाहीतर सोन्यासारखी जागा," असे तो म्हणतो. सोने नसेल, पण कोळसा असू शकतो.

काही चतुर मंडळी उलटा हिशेब मांडतात. जमीन जाणारच असेल तर आधीच घेऊन ठेवावी, मोबदला मिळेल, नोकरीही मिळेल. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एका नोकरीची सोय आहे खरी. पण हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर नोकरीचा जो अपूर्णांक येतो तो कोणत्याही हजेरीपटावर बसत नाही, आणि उमेदवार तर नुकताच निवृत्त झालेला.

इंग्लंडमध्येही कोळशाची गावे होती. तिथे 1994 साली कोल ऑथॉरिटी या नावाने एक संस्था स्थापन झाली, मॅन्सफील्डला तिचे कार्यालय आहे, आणि जुन्या खाणपट्ट्यात घर घेताना वकील तिच्याकडून दाखला मागवतो: खाली बोगदा आहे का, जवळपास जुने शाफ्ट कुठे, खचण्याबद्दल पूर्वी भरपाई दिली होती का. वणी तालुक्यात ही सेवा सध्या पानठेल्यावर उपलब्ध आहे. तिथली माहिती बहुतेक वेळा खरी निघते. न्यायालयात ती सादर करता येत नाही, इतकेच.

सातबाऱ्याविषयी थोडक्यात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. विदर्भासाठी कूळकायदा 1958 चा वेगळा आहे, निर्बंध तोच. एकराचे गुंठे पाडून विकणाऱ्याच्या वाटेत 1947 चा तुकडेबंदी कायदा उभा असतो आणि विकणारा त्याला वळसा घालून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो. तो कागद फ्रेम करून लावता येतो, मालकी त्याने येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे परवानगीवाचून व्यवहारच होत नाही. गोंड-कोलामांच्या या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते नाही. आणि घर बायकोच्या नावे घ्यावे. मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. समाजसुधारकांना शतकभरात जे साधले नाही, ते या एका टक्क्याने बऱ्याच घरांत साधले आहे.

बांधलेले घर घेणाऱ्याने भिंतीची भेग वाचायला शिकावे. या भागात भेगेला तीन बाप असतात. पहिली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्याबरोबर श्वास घेते. दुसरे ब्लास्टिंग: उकणी, जुनाड, कोलारपिंपरी या आसपासच्या उघड्या खाणी. तिसरा खाली बसलेला बोगदा. तक्रार घेऊन गेल्यास खाणवाले मातीकडे बोट दाखवतात, गवंडी ब्लास्टिंगकडे आणि घर विकणारा नशिबाकडे. खरेदीदाराने भेगेवर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि महिन्याने पुन्हा यावे. भेग तारखेच्या पुढे गेली असेल तर आपण तिच्या पुढे निघून जावे.

हवामान कोरडे व आरोग्यदायी असल्याचे एजंट सांगेल. कोरडेपणाबद्दल वाद नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाची काळी धूळ बसते, भट्टीच्या बाजूने वारा असला तर पांढरीही. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ज्याला 83.88 गुण दिले तेच. परीक्षेत हे गुण चांगले असतात, प्रदूषणाच्या त्या यादीत नव्हते. नदीकाठचा रम्य प्लॉट कोणी दाखवला तर जुलै 2022 चा पूर आठवावा. वर्धेकाठची तालुक्यातली गावे तेव्हा पाण्याने वेढली होती.

आजारी पडण्याचे नियोजन हवे. वणीला ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, शंभरावर किलोमीटर. चंद्रपूरचे त्याच्या निम्म्या अंतरावर. थोडक्यात, रुग्ण चंद्रपूरला आणि त्याचे महसुली कागद यवतमाळला जातात. एकेकाळी हा सारा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जाई. 1905 मध्ये नाव यवतमाळकडे गेले. एसटीत 65 वर्षांपुढे अर्धे तिकीट, 75 पुढे मोफत; बायकांना 2023 पासून सरसकट निम्मे. साठ ते पासष्ट या काळात मात्र पुरुषाला पूर्ण तिकीट पडते, म्हणून ही पाच वर्षे शक्यतो आजारी पडू नये.

मुलगा पुण्यातून फोन करतो आणि तिकडे या म्हणतो. तिकडे ज्येष्ठांसाठी अथश्रीसारखी संकुले आहेत, लिफ्ट आहे, घंटा दाबली की मदत आहे. पण तिथे "काऊन भाऊ, आज पहिली पाळी सुटली का नाही?" असे विचारणारे कोणी नाही. राजूरचा जुना खाणकामगार तेलुगूत भांडतो, हिंदीत समेट करतो आणि वऱ्हाडीत चहा मागतो. हे सगळे किमतीत धरले तर राजुरातले दोन खोल्यांचे घर स्वस्तच आहे, फक्त ते गावठाणात असावे, पक्क्या पायाचे असावे आणि खाली पोकळ नसावे.

म्हणून शेवटची सूचना. आवडलेल्या जागेचा सर्व्हे नंबर लिहून, तो कोळसा संपादनाच्या कोणत्याही अधिसूचनेत आहे का आणि त्याखाली खाणकाम झाले आहे का, एवढे दोनच प्रश्न वेकोलिच्या भालर येथील वणी नॉर्थ क्षेत्राच्या कार्यालयाला विचारावेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. इसार एकतिसाव्या दिवसाआधी देऊ नये.