कायद्यानं वाचवलेला शिकारी

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोणाकोणाला वाचवलं, हे सांगताना लोक वाघापासून सुरुवात करतात. मग बिबट, अस्वल, सांबर, चौसिंगा असं करत करत यादी रानकोंबड्यापर्यंत येते आणि थांबते. चिमूरच्या शिकारी मामाजींचं नाव त्यात कोणी घालत नाही. खरं तर त्यांच्याएवढा लाभार्थी चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा नसेल. कायद्यानं त्यांची शिकार बंद केली आणि त्याच दिवशी त्यांची अब्रू कायमची सुरक्षित झाली.

मामाजी एकटेच आहेत असंही नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, अहेरी, आलापल्ली, जंगलाला लागून असलेल्या बहुतेक गावांत एकेक मामाजी सापडतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कारण त्याहून लहान माणसाला ‘बंदीच्या आधी’ हे शब्द वापरता येत नाहीत. अंगात खाकीकडे झुकणारा सदरा. ओसरीवर खुर्ची अशी ठेवलेली, की रस्त्यानं जाणारा कोणीही टप्प्यात यावा. आणि बोलताना उजव्या हाताची तर्जनी किंचित वाकलेली, घोड्यावर असल्यासारखी.

चिमूरचे मामाजी जन्मले १९४७ साली. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर क्रांतीत ते नव्हते, एवढीच त्यांच्या आयुष्यातली कसर. पण बोलण्याच्या भरात ही अडचण ते फार मोठी मानत नाहीत. तरुणपणी ते उन्हाळ्यात आलापल्ली-एटापल्लीकडे तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होते. सत्तर पानांचा एक पुडा. फडावर रोज हजारो पुडे येत, आणि एखाद्या पुड्यात अडुसष्ट पानं निघाली तर मामाजी तो परत करत. इतका काटेकोर माणूस. त्यांच्या मोजणीतली ही शिस्त फक्त कोंबड्यांच्या बाबतीत ढळते.

कारण मामाजी वाघाचे शिकारी नव्हेत. वाघ मारल्याचं कोणीही सांगतं, असं त्यांचं म्हणणं. “वाघ म्हंजे काय? मचाण बांधा, बोदा बांधा, झोप आली नाई की झालं. कोंबडा मारून दाखवा.” आणि यात तथ्य आहे. रानकोंबड्याइतका संशयी प्राणी रानात कमी. पाचोळ्यात पायाखाली काडी मोडली, की तो उडायचे कष्टही घेत नाही. मान खाली घालून सरळ बांबूच्या बेटात पळतो. या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात त्याच्या दोन्ही जाती आहेत. साधारण पूर्वेच्या बाजूला तांबडा, आपल्या गावठी कोंबड्यांचा पूर्वज. पश्चिमेकडे राखी, ज्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असतात. विलायतेत मासे पकडायच्या गळावर कृत्रिम माशी बांधायला या पिसांना भारी मागणी असे. कुठल्याशा लॉर्डानं पकडलेला एक मासा मूळ आपल्याच पिसाला भुलला होता, असं मामाजी सांगतात. माशाचं वजन श्रोत्यांच्या संख्येवर ठरतं.

त्यांचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा. पळस पेटलेला असतो, मोहफुलं पहाटे टपटपत असतात, सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं. याच दिवसांत नर पहाटे बांग देतो. पावसाळ्यात त्याची मानेवरची झुपकेदार पिसं गळतात, तो गप्प होतो आणि ओळखूही येत नाही. मामाजींना असा ऋतू नाही. ते बारमाही आहेत. पण चैत्रात त्यांना विशेष कंठ फुटतो.

आणि कंठाचं मात्र खरं आहे. ही गोष्ट त्यांचे वैरीही मान्य करतात. मामाजी दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून रानकोंबडा काढतात, तेव्हा ओसरीवरची माणसं मान वळवून कुंपणाकडे बघतात. तांबड्याची बांग गावठीसारखीच, पण शेवटचा स्वर लांबत नाही, मध्येच तुटतो. हा तुटका स्वर कुठे सोडायचा, यातच सगळी विद्या आहे. राखीची बांग वेगळी, फाटकी, खडखडीत. कोंबडीचं पिलांना बोलावणं वेगळं, धोक्याची हाक वेगळी. एका पहाटे नाल्याच्या पलीकडून खऱ्या कोंबड्यानं त्यांना उत्तर दिलेलं मी ऐकलेलं आहे. दोघांची चांगली जुगलबंदी झाली, आणि आधी दम कोंबड्याचा गेला.

अडचण बांगेच्या पुढची आहे. कोंबडा आला, इथपर्यंत कथेला साक्षीदार असतात. त्यापुढे फक्त मामाजी आणि त्यांची वडिलोपार्जित बारा बोरची दुनळी.

ही दुनळी हा एक स्वतंत्र विषय आहे. धानाचं रानडुकरांपासून रक्षण करायला वडिलांनी परवाना काढला होता. आता निवडणूक लागली, की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असा फेरा चालू असतो. मामाजी ती जुन्या धोतरात गुंडाळून पोचवतात, पावती घेतात, निकालानंतर परत आणतात, तेल लावतात, तोवर पुढची आचारसंहिता लागते. मतदान सोडून लोकशाहीचं सगळं काम त्या बंदुकीनं केलेलं आहे. गेल्या कित्येक वर्षांत तिच्यातून गोळी सुटली नसेल. गोष्टी मात्र रोज सुटतात.

गोष्टींना एकच विरोधक, आमचे निवृत्त मास्तर. मास्तरांना सनावळ्या पाठ. मामाजी एकदा ताडोबाच्या तलावाकाठी पासष्ट साली टिपलेल्या चार कोंबड्यांची कथा रंगात येऊन सांगत होते.

“मामाजी,” मास्तर म्हणाले, “ताडोब्यात १९३५ पासून शिकारबंदी आहे. १९५५ ला तर राष्ट्रीय उद्यान झालं.”

“म्हणूनच तर,” मामाजी क्षणभरही न थांबता म्हणाले, “मले कोणी पाह्यलं नाई.”

मास्तरांनी एकदा हिशोबही मांडला होता. मामाजींनी सांगितलेले सगळे कोंबडे एकत्र करून त्यांना बंदीपर्यंतच्या वर्षांनी भागलं, तर मामाजींनी पहिला बार पाळण्यातून काढला असला पाहिजे. त्यावर मामाजी म्हणाले, गणित बरोबर आहे, पण एका बारात दोन-दोन पडायचे ते मास्तरांनी धरलं नाही.

खरा धोका मास्तरांचा नाही, मामीजींचा. मामीजी कधी मध्ये बोलत नाहीत. मोहफुलं वाळत घालताना, नाही तर तांदूळ पाखडताना, सुपाच्या आवाजात मिसळून एखादं वाक्य सोडतात. “माह्या लगनापासून यायनं एकच कोंबडा घरी आणला बाप्पा. तोबी गुजरीतला. त्याच्या पायाले दोरी होती.”

असा घाव दुसऱ्या कोणाला बसता तर तो उठला नसता. पण मामाजींनी एवढ्यात मास्तरांकडूनच ऐकलं होतं, की गावठी कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग मूळ राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मधल्या एका संशोधनात निघालं. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्या कोंबड्याचे पाय कोणत्या रंगाचे होते?” मामीजी म्हणाल्या, “पिवळे.” मामाजींनी मास्तरांकडे पाहिलं. “झालं का समाधान? रानातलाच होता. गुजरीत फक्त सापडला.”

ताडोब्याच्या पर्यटकांबद्दल त्यांना दया वाटते. कोलारा गेटकडे जाणाऱ्या गाड्या चिमुरात चहाला थांबल्या, की मामाजी जवळ जाऊन उभे राहतात. ‘सायटिंग झालं का’, हा प्रश्न त्यांना असभ्य वाटतो. जिप्सीत बसून वाघ बघणं म्हणजे वाघाला आपली वरात दाखवणं. “कान कोणाले पायजे? गाईडनं ‘कॉल आहे’ म्हटलं का सारे मोबाइल काढतात. अरे, कॉल डोळ्यानं पाहतात का?” पण स्वतः मामाजी हल्ली अंधार पडल्यावर अंगणाच्या फाटकापुढे जात नाहीत. आजूबाजूच्या गावांत वाघ फिरतो, मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो, हे खरंच आहे. मामाजींचं कारण वेगळं. जुनं वैर असल्यामुळे वाघ आपल्याला ओळखेल, असं ते म्हणतात. वाघ मारले नाहीत ना, असं विचारलं, तर म्हणतात, “त्याले माहीत आहे का?”

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग टेक्सासहून भाच्याचा फोन आला.

भाचा तिकडे संगणकाच्या कंपनीत. त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला वसंतात टर्कीच्या शिकारीला नेलं होतं. त्यानं व्हिडिओ पाठवला. हिल कंट्री नावाचा टेकड्यांचा मुलूख, ओकची झाडं, खाली चट्ट्यापट्ट्याच्या कपड्यात निपचित बसलेला माणूस. तो लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो, आणि पलीकडून नर खुळखुळत उत्तर देतो. मग शेपटीचा पंखा फुलवून, निळं-लाल डोकं मिरवत, आठ-नऊ किलोंचं ते धूड डौलात चालत येतं. मामाजींनी व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला. डबीचा आवाज दुसऱ्या वेळी लांबला, हे त्यांनी ताबडतोब ओळखलं. मग तळवे तोंडाशी नेऊन त्यांनी टर्कीची मादी अशी काढली, की भाचा फोनवर ओरडला, “मामाजी, तुम्ही इथं पाहिजे होते!”

ओसरीवर टाळ्या पडल्या. मामाजी फुलले. “आपल्या इथं बंदी आहे, नाई तर...” असं नेहमीचं वाक्य त्यांनी सुरू केलं.

“इथं बंदी नाही मामाजी,” भाचा म्हणाला. “पुढच्या एप्रिलात या. तिकीट माझं.”

मामाजींचा चेहरा त्या क्षणी ज्यानं पाहिला, त्यानं शिकार झालेला प्राणी पाहिला.

भाच्यानं सगळं समजावून सांगितलं. तिकडेही गेल्या शतकाच्या सुरुवातीला टर्की संपत आली होती. मग नियम आले, हंगाम ठरले, वसंतात मुख्यतः नरच मारायची मुभा राहिली. १९३७च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला, आणि पक्षी पुन्हा वाढले. परवाना विकत मिळतो. जमीन बहुतेक खासगी, मालकाला पैसे दिले की झालं. “म्हंजे तिकडं पैसे भरून मारतात, आन आपल्याकडं पैसे भरून पाहतात,” मामाजी म्हणाले. विषय बदलायचा हा प्रयत्न चांगला होता, पण फसला.

पासपोर्ट नाही, मामाजी म्हणाले. नागपूरला निघतो, भाच्यानं सांगितलं. गुडघे दुखतात. तिथं झाडाला टेकून बसायचंच आहे. बंदूक ठाण्यात जमा आहे. बंदूक इथं मिळेल. तुह्या मामीजी एकट्या राहतील. सुपामागून आवाज आला, “जा ना बाप्पा. मी राह्यते सुखानं.”

“आणि मी पूर्ण व्हिडिओ काढतो,” भाचा म्हणाला. “बार टाकण्यापासून कोंबडा पडेपर्यंत. चिमुरात मोठ्या पडद्यावर दाखवू.”

पन्नासहून अधिक वर्षं कायद्यानं राखलेली अब्रू पुढच्या एप्रिलात टेक्सासच्या एका ओकखाली उघडी पडणार होती. मास्तर प्रसन्न दिसत होते. मामाजी बराच वेळ गप्प राहिले, आणि हे त्यांच्याबाबतीत ऐतिहासिक होतं. मग ते उभे राहिले.

“मादीचा आवाज काढाचा, बिचारा भरोशावर येते, आन त्याले मारायचा? हे शिकार नाई बाबू, हा दगा आहे. मी नाई येत.”

“पण तुम्हीही तर असंच...”

“म्हणूनच सोडली.”

“सरकारनं सोडायला लावली ना?” मास्तरांनी विचारलं.

“कोणी सांगितलं? मी आधी सोडली. मग इंदिराबाईले कायदा सुचला.”

एका वाक्यात माणूस बदलला. भाच्याला गहिवरून आलं. त्यानं हे वाक्य इंग्रजी करून आपल्या मित्रांना पाठवलं. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह येतो. त्या वर्षी गावातल्या शाळेनं ‘ज्येष्ठ निसर्गमित्र’ म्हणून मामाजींना बोलावलं. सलीम अलींनीही लहानपणी बंदुकीनं एक चिमणी पाडली आणि तिच्यामुळेच ते पक्ष्यांकडे वळले, हे मास्तरांनी भाषणात सांगून ठेवलं होतं. मामाजींनी सुरुवातच ‘सलीम अली आन मी’ अशी केली. मग बांग काढली. मुलं वेडी झाली. शाळेमागच्या घरातल्या चार कोंबड्यांनी उत्तर दिलं.

शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, “तुम्ही एकूण किती रानकोंबडे मारले?”

आयुष्यभर मामाजी या प्रश्नाची वाट पाहत होते, आणि तो चुकीच्या सभेत आला. जो आकडा ओसरीवर पराक्रम होता, तो इथे गुन्हा होता. मामाजींनी पहिल्यांदाच आकडा खाली आणला. “दोनेकशे असतील,” ते कसनुसं म्हणाले. मुलांनी ‘अरेरे’ केलं.

तेव्हापासून त्यांना दरवर्षी बोलावतात, आणि दरवर्षी आकडा उतरतो. दुसऱ्या सप्ताहात शंभर झाले, तिसऱ्यात ‘पंधरा-वीस, तेही नाइलाजानं’, यंदा ‘पाच-सात’. या गतीनं आणखी दोन-तीन सप्ताहांत मामाजी खऱ्या आकड्यावर येऊन ठेपतील. तो आकडा मामीजींना ठाऊक आहे. पण त्यांना व्याख्यानाला अजून कोणी बोलावलेलं नाही.